बुधवारचा गळ, गुरुवारच्या बशा

क्रेसेंट थिएटरच्या तिकीटखिडकीत मी सोळा वर्षं बसले. तीन बाजूंनी काच, मागे दार, आत एक स्टूल आणि पायाशी हीटर. आमच्या मिलर्स फोर्कमध्ये कोण कुणाबरोबर पिक्चरला येतं, कोण घरी सांगून येतं आणि कोण न सांगता, हे मला पाद्र्याहून जास्त ठाऊक. पण मी बोलत नाही. बोलायला लागले असते तर निम्म्या गावाचे संसार मोडले असते आणि उरलेल्या निम्म्यांचे नव्याने जुळले असते.

माझ्या त्या काचेच्या खोलीत दर बुधवारी दुपारी मासे धरायचा लांब काठीचा एक गळ कोपऱ्यात उभा असायचा. आणि दर गुरुवारी स्टुलाखालच्या बशांच्या चळतीत एक बशी वाढायची. गळ ऑर्व्हिल स्टकीचा. बशा हेझल स्टकीच्या. दोघं नवराबायको, एका छपराखाली बावीस वर्षं राहणारे. त्याला तिच्या बशांचा पत्ता नव्हता आणि तिला त्याच्या गळाचा.

आता हे नीट सांगते, नाहीतर तुम्ही मलाच लबाड समजाल.

ऑर्व्हिल आमचा न्हावी. बुधवारी दुपारी गावातली सगळी दुकानं बंद असतात, त्याचंही. तेव्हा तो डोक्याला मासेमारीची टोपी घालून, गळ खांद्यावर टाकून, बायकोला सांगून ओढ्यावर जायचा. ओढ्याच्या पुलापर्यंत खरंच जायचा, कारण पूल त्यांच्या स्वयंपाकघरातून दिसतो. मग लाकडाच्या वखारीमागून वळसा घालून माझ्या खिडकीशी. "व्हर्ना, हे जरा ठेव गं," म्हणून गळ माझ्या हातात द्यायचा आणि आत घुसायचा.

आमच्याकडे पिक्चर सुरुवातीपासून बघायची पद्धत नाही. दुपारी दोनला मशीन चालू झालं की एकामागून एक खेळ. ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने यावं, मधूनच बसावं, शेवट बघावा, मग बसल्याजागी सुरुवात बघावी, आणि "आपण आलो तेव्हा हेच चाललं होतं" असं वाटलं की उठून घरी जावं. ऑर्व्हिल तसाच करायचा. साडेचारला बाहेर येऊन गळ घ्यायचा आणि जाताना खाटकाच्या बर्फातला एखादा मासा विकत घेऊन घरी. एकदा तर या शहाण्याने हॅडक नेला. हॅडक समुद्रात असतो, आणि समुद्र आमच्या ओहायोपासून पाचशे मैल. हेझलने तो मुकाट्याने तळला.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर शुक्रवारसाठी. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या खेळाला स्टकी जोडपं ठरलेलं, चौथी रांग, मधल्या दोन खुर्च्या. पिक्चर खुनाचा असला, आणि त्या दिवसांत दुसरं काय असायचं, की दहाव्या मिनिटाला ऑर्व्हिल घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "खून त्या वकिलाने केलाय." आणि दीड तासाने वकीलच निघायचा. एकदाही चुकला नाही. अर्धं गाव त्याला डोक्यावर घ्यायचं, अर्धं गाव शिव्या घालायचं, पण शुक्रवारी सातला सगळे वेळेवर हजर असायचे. आणि हेझल आजूबाजूला बघून म्हणायची, "आमच्या ह्याचं डोकंच तसं आहे."

तीच हेझल एका गुरुवारी दुपारी दोनला, हॅट नाकापर्यंत ओढून माझ्यासमोर उभी राहिली.

"व्हर्ना, एक तिकीट दे. आणि मी आलेच नव्हते."

"पण तुम्ही उद्या येणारच आहात ना?"

"येणार आहे. पण मला एकदा, फक्त एकदा, खुनी कोण हे माहीत नसताना पिक्चर बघायचाय. त्याचं डोकं थोर आहे गं, पण मला दहा मिनिटांच्या वर मजा घेता येत नाही."

ते एकदा म्हणजे पुढे दर गुरुवार झाला. दुपारच्या खेळाला पिक्चर पहिल्या फोटोपासून शेवटच्या अक्षरापर्यंत सलग बघणारी गावातली ती एकटीच. आणि गुरुवार हा आमचा बशीचा दिवस. बायकांनी भरल्या दुपारी थिएटरला यावं म्हणून मालक प्रत्येक बाईला तिकिटाबरोबर एक बशी द्यायचे, निळ्या काठाची, मध्ये गव्हाची लोंबी. हेझल ती घरी कशी नेणार? ऑर्व्हिल विचारेल कुठून आणली. म्हणून ती माझ्याकडे ठेवायची. मधूनच येऊन चळत मोजायची, वरची बशी रुमालाने पुसायची आणि उसासा टाकून जायची. स्वतःच्या टेबलावर मांडायला मिळत नाहीत याचं तिला फार वाईट वाटायचं.

मी दोघांचंही ऐकून घेतलं. अळीमिळी गुपचिळी. माझा यात फायदा काय, तर काही नाही. हां, करमणूक मात्र भरपूर.

मग युद्ध संपून तीन वर्षं झाली तेव्हाच्या ऑक्टोबरात मालकांच्या डोक्यात किडा वळवळला. आमचे मालक मिस्टर क्लिंगमन, माणूस वाईट नाही, पण त्यांना नवीन काही सुचलं की मला धडकी भरते. त्यांनी बाहेर फळा लावला. 'शुक्रवारी सात वाजता. न्हावी विरुद्ध गाव. शेवटचं रीळ लावण्याआधी पिक्चर थांबवला जाईल आणि ऑर्व्हिल स्टकी स्टेजवरून खुनी जाहीर करतील. बरोबर निघाले तर निळ्या काठाचं रस्सा वाढायचं भांडं बक्षीस. त्यांच्याआधी कुणी बरोबर नाव सांगितलं तर भांडं त्याचं.'

ते भांडं बशांबरोबर कधीच वाटलं जात नसे. त्या संचातलं तेवढं एकच हेझलकडे नव्हतं. म्हणजे माझ्या स्टुलाखाली नव्हतं.

पिक्चर होता 'ट्रंकेतला पाहुणा'. आता खुनाचे पिक्चर मी रगड पाहिले आहेत. तेच ते पावसाळी रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, कोटाची कॉलर वर केलेला गुप्तहेर आणि सिगारेटचा धूर. पण यातला गुप्तहेर होता ढेरपोट्या, अंधाराला घाबरणारा, आणि मांजर जवळ आलं की शिंका देणारा. एक श्रीमंत विधवा त्याला हरवलेला पोपट शोधायला बोलावते. तो ट्रंक उघडतो तर आत प्रेत. पोलीस येतात तेव्हा ट्रंकेत फक्त लोकरी मोजे. मग ते प्रेत कधी पियानोत सापडतं, कधी न्हाणीघरात, कधी दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून बसलेलं, आणि गुप्तहेर त्याला म्हणतो, "माफ करा, आधी तुमचा नंबर." घरात एक म्हातारी मावशी असते, जी येईल त्याला सूपचा वाडगा पुढे करते. गुप्तहेर दरवेळी घ्यायला जातो आणि मांजरामुळे शिंकून ते सांडतो, आणि सांडलेलं मांजरही चाटत नाही. मी स्वतः इतकी हसले की हीटरला लाथ बसली.

असो. बुधवारी ऑर्व्हिल नेहमीप्रमाणे आला, गळ ठेवला, आत गेला. साडेचारला बाहेर आला तो शीळ घालतच. डोळा मिचकावून म्हणाला, "व्हर्ना, शुक्रवारी ते भांडं आमच्या घरी." आणि गेला.

पाच मिनिटांनी वरून आमचा मशीनवाला डेल्बर्ट उतरला. वय साठ, चेहरा सुतकी, बातमीही तशीच.

"रिळांचा पाचवा डबा आलाच नव्हता," तो म्हणाला. "बसवाल्याने पुढच्या गावात उतरवला. आत्ता फोन आला, रात्रीच्या खेळाला पोचेल."

"पाचवा म्हणजे शेवटचा? मग दुपारचे दोन खेळ तू दाखवलेस काय?"

"चारच रिळं दाखवली. चौथ्याच्या शेवटी दंतवैद्याला बेड्या पडतात, तो कबूलही करतो. तिथे पडदा ओढला, दिवे लावले, बँडची रेकॉर्ड वाजवली. आत सातजण होते, त्यातले दोन झोपलेले. कुणी हूं की चूं केलं नाही." त्याला त्याचा अभिमान वाटत होता.

"पण खुनी दंतवैद्यच ना?"

"छे! तो चोर. हिऱ्यांच्या चोरीची कबुली देतो. खुनी सूपवाली मावशी."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. गळ गेलेला होता.

गुरुवारी सकाळी मी त्याच्या दुकानात गेले. न्हाव्याच्या दुकानात बाई शिरली की पुरुष असे बघतात जणू न्हाणीघरातच घुसली. तिघं बाकावर होते, एकाच्या तोंडाला साबण होता.

"ऑर्व्हिल," मी म्हटलं, "तो पिक्चर शेवटपर्यंत बघण्यासारखा आहे म्हणे."

"उद्या बघतोच आहे की."

"नाही, म्हणजे शेवट फार वेगळा आहे. अगदी शेवटचा शेवट."

त्याने वस्तरा हवेत धरला. "मंडळी, ऐकलंत? ही बाई मला शेवट फोडायला आली आहे! व्हर्ना, तुझा जीव चांगला आहे, पण माझ्या डोक्याला असल्या कुबड्या लागत नाहीत. मी तो पिक्चर पाहिलेला नाही, आणि पाहायची गरजही नाही."

बाकावरचे हसले. मी काय करणार? 'काल दुपारी तुझा गळ माझ्याकडे होता' असं त्या तिघांसमोर म्हणू? मूग गिळून परत आले. दिवसभर मनात त्याला शिव्या घातल्या.

दुपारी हेझल आली. तिने पाचही रिळं पाहिली. बाहेर येताना डोळे पुसत होती, हसून हसून. "काय पिक्चर आहे! ती सूपवाली! मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं गं. उद्या हा कसं ओळखतो बघूच या. ओळखेलच म्हणा." बशी माझ्याकडे देऊन गेली. तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी थिएटरमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. ते भांडं स्टेजवर एका स्टुलावर, खाली लाल कापड. खेळ सुरू झाला, खिडकी बंद करून मी आत मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दहाव्या मिनिटाला सगळं थिएटर चौथ्या रांगेकडे बघायला लागलं. ऑर्व्हिलने बोट ओठांवर ठेवलं, आता नाही, स्टेजवर. पण तो कलला आणि हेझलच्या कानात काहीतरी कुजबुजला.

हेझलची पाठ ताठ झाली. मला मागून तेवढंच दिसलं.

त्यानंतर ती हसलीच नाही. प्रेत पियानोतून बाहेर आलं तेव्हा अख्खं गाव खुर्च्यांवरून घसरलं, आणि ती मात्र बाजूला वळून त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. तिसऱ्या रिळात ती उठली, गुडघ्यांवरून लोकांना ओलांडत बाहेर आली आणि माझा हात धरून मला माझ्याच खोलीत ओढून नेलं.

"व्हर्ना, तो दंतवैद्य म्हणाला."

"बरं."

"बरं काय? तो दंतवैद्य नाहीये! ऑर्व्हिल कधी चुकत नाही. लग्न झाल्यापासून एकदाही नाही." तिने माझी बाही धरली. "त्याच्या वडिलांचं असंच सुरू झालं. याच वयात. आधी लहानसहान चुका. मग एका रविवारी पायजम्यात जाऊन दुकान उघडलं, एका माणसाचे अर्धेच केस कापले आणि घरी येऊन झोपले. वर्षभरात त्यांना मुलाचं नाव आठवेना. ऑर्व्हिलच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय गं. माझ्या ऑर्व्हिलच्या!"

आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, तोंडावर हॅट धरून.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. सोळा वर्षं मी कुणाचं गुपित कुणाला सांगितलं नव्हतं. ऑर्व्हिलला शब्द दिला नव्हता, पण त्याने कधी मागितलाही नव्हता, त्याचा माझ्यावर विश्वास होता. आणि समोर ही बाई, नवऱ्याला जिवंतपणी हरवल्यासारखी रडतेय. मला दोघांचाही भयंकर राग आला.

"हेझल, गप्प बस," मी म्हटलं. "त्याचं डोकं ठणठणीत आहे. इतकंच की ते फारसं काही थोर नाही. तो दर बुधवारी इथे येतो. पिक्चर आधीच बघून जातो. परवा शेवटचं रीळ आलं नव्हतं, म्हणून त्याला दंतवैद्यच खुनी वाटतोय. बस्स."

ती रडायची थांबली.

"बुधवारी तो मासे धरायला जातो," ती सावकाश म्हणाली.

"त्याचा गळ त्या कोपऱ्यात असतो. तिथली भिंत बघ, टेकून टेकून रंग गेलाय."

तिने भिंत पाहिली. बोट फिरवून पाहिलं. "हॅडक," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने, "हॅडक! मेल्याने ओढ्यातून हॅडक धरून आणला, आणि मी म्हटलं, असेल बाई, माझा नवरा हुशार आहे!" ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी तसंच होतं. मग हसू थांबलं आणि नाकपुड्या फुगल्या. "म्हणजे इतकी वर्षं माझ्या पिक्चरची माती केली ती कॉपी करून?"

"आता काय करणार आहेस?"

"ते भांडं माझ्या बशांबरोबरचं आहे ना?" तिने हॅट नीट बसवली आणि आत गेली.

चौथं रीळ संपलं, दंतवैद्याच्या हातात बेड्या पडल्या, पडदा ओढला गेला आणि दिवे लागले. मालक स्टेजवर चढले. "मिलर्स फोर्कचं नामांकित डोकं, ऑर्व्हिल स्टकी!" टाळ्या. ऑर्व्हिल वर गेला. रविवारचा सूट, केसांना तेल. त्याने हात वर करून टाळ्या थांबवल्या, दोन्ही अंगठे विजारीच्या खांद्यांवरच्या पट्ट्यांत अडकवले आणि तोंड उघडलं.

"एक मिनिट," चौथ्या रांगेतून आवाज आला. हेझल उभी होती. "मालक, फळ्यावर लिहिलंय, त्यांच्याआधी कुणी नाव सांगितलं तर भांडं त्याचं. मी सांगू?"

थिएटर हसलं. ऑर्व्हिलही हसला, जरा लाजत. "अगं हेझल, बस खाली. तुला यातलं काय कळतंय?"

तेवढं तो बोलला नसता तर कदाचित ती बसली असती. तसं ती मला नंतर म्हणाली.

"सूपवाली मावशी," हेझल म्हणाली. "सूपमध्ये विष आहे. म्हणून मांजर ते पीत नाही."

"दंतवैद्य," ऑर्व्हिल म्हणाला. "त्याने कबूलसुद्धा केलंय. सगळ्या गावाने आत्ताच पाहिलं." आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिला.

दिवे गेले. पाचवं रीळ सुरू झालं. ऑर्व्हिल स्टेजच्या कडेलाच पडद्याला टेकून उभा होता, त्यामुळे त्याला पिक्चर तिरका दिसत होता आणि आम्हाला तो सरळ. मावशीने सूप पुढे केलं. गुप्तहेराने चमचा उचलला. मांजर आलं. शिंक. सूप मावशीच्या मांडीवर, आणि मावशी किंचाळते, "पुसा, पुसा, कातडीतूनसुद्धा चढतं ते!" थिएटर फुटलं. छपराला हादरे बसले. आणि त्या सगळ्या गोंधळात ऑर्व्हिलचा चेहरा दाढीच्या साबणासारखा पांढरा.

लोकांनी हेझलला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. भांडं छातीशी धरून ती बाहेर आली. ऑर्व्हिल सगळ्यात शेवटी आला, टोपी हातात, कुणाकडे न बघता. "काय ऑर्व्हिल, उद्या दाढी बायकोकडून करून घ्यायची का?" कुणीतरी ओरडलं. माझ्या खिडकीपाशी दोघं समोरासमोर आली. मी दिवा घालवून आत बसून राहिले, पण काच पातळ आहे.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"आपल्या ओढ्यात हॅडक सापडतो का रे ऑर्व्हिल?"

तो टोपी फिरवायला लागला. एक फेरा, दोन फेरे. "किती दिवसांपासून माहीत आहे?"

"तासाभरापासून."

"मग सूपवाली कशी ओळखलीस?"

हातात टोपी नव्हती म्हणून हेझल भांडं फिरवायला लागली. "मी काल दुपारी पाहिला. दर गुरुवारी बघते. व्हर्नाकडे माझ्या त्र्याण्णव बशा आहेत."

दोघांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"तुला माहीत होतं?" ऑर्व्हिल म्हणाला.

"दोघांचंही?" हेझल म्हणाली. "आणि एवढी वर्षं तू आमचा तमाशा बघत बसलीस?"

बघा, जगात उपकाराची किंमत अशी असते. मी दिवा लावला आणि दार उघडून बाहेर आले. "हो, बघत बसले! बुधवारी माझा पाय तुझ्या गळात अडकायचा आणि गुरुवारी हिच्या बशांत. हीटरला जागा उरली नाही. थंडीत कुडकुडले मी तुमच्या संसारापायी. आता दोघं आपापलं सामान उचला!"

कुणीच हललं नाही. मग ऑर्व्हिल खालमानेने म्हणाला, "पहिल्यांदा आपण पिक्चरला गेलो, तेव्हा लग्न व्हायचं होतं. मुका पिक्चर होता. मी उगाच म्हटलं, खून माळ्याने केलाय. निघाला माळीच. तू माझ्याकडे असं बघितलंस, हेझल. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी काय, न्हावी. माझ्याकडे कोण कशाला तसं बघेल? मग पुढच्या पिक्चरला मी चुकलो. तू काही बोलली नाहीस, पण तसं बघितलंही नाहीस. म्हणून."

हेझलने भांडं माझ्या हातात दिलं आणि त्याची कॉलर सरळ केली. ती सरळच होती.

"वेड्या," ती म्हणाली, "मला तुझं डोकं नको होतं. मला पिक्चर बघायचा होता. तुझ्या शेजारी बसून."

त्या त्र्याण्णव बशा न्यायला त्यांना तीन खेपा लागल्या. मी मदत केली नाही.

पुढच्या बुधवारी ऑर्व्हिल आला नाही. संध्याकाळी कळलं, खरोखर ओढ्यावर गेला होता, आणि करंगळीएवढा मासा आणून हेझलपुढे मोठ्या ऐटीत ठेवला. गुरुवारी हेझलही आली नाही. मालक मला विचारत होते, मधल्या दिवशी गिऱ्हाईक का कमी झालं. मी म्हटलं, हवा.

शुक्रवारी सातला दोघं आली. चौथी रांग, मधल्या दोन खुर्च्या. पिक्चर खुनाचाच. दहावं मिनिट झालं, सगळे कान टवकारून बसले. काही नाही. विसावं झालं. मी खिडकी बंद करून मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. पडद्यावर एक बाई अंधाऱ्या जिन्यावरून खाली येत होती, आणि खाली दाराआड कुणाचे तरी बूट दिसत होते. ऑर्व्हिलने खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले होते. हेझलने त्याच्या दंडाला मिठी मारली होती.

"ऑर्व्हिल," ती कुजबुजली, पण घाबरल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं, "कोण आहे रे दाराआड?"

"मला काय माहीत!" तो ओरडला.